स्वतःची मराठी गाणी वाजवणारा गिटार बँड : पहिल्या चालीपासून पहिल्या मानधनापर्यंत

आम्ही चौघं. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम्स, आणि त्यातलेच दोघं गाणारे. पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना सुरुवात केली, तेव्हा गिटार कशी वाजवायची हे शिकवणारे पुष्कळ होते. पण स्वतःची मराठी गाणी घेऊन स्टेजवर कसं जायचं, रेकॉर्डिंगला काय तयारी लागते, मानधन कुणाच्या खात्यात घ्यायचं, हे विचारायला माणूस सापडत नव्हता. जे कळलं ते ठेचा खाऊन कळलं. त्यातल्या निम्म्या तरी तुम्हाला लागू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुम्हाला गिटार बऱ्यापैकी वाजवता येते, बार कॉर्ड धरता येतात आणि स्वतःची गाणी लोकांसमोर म्हणायची ओढ आहे, एवढं गृहीत धरतो.

१. आधी चार गाणी, मग बँडचं नाव

नाव, लोगो, इन्स्टाग्रामचं पान यात आमचे पहिले तीन महिने गेले. तुमचे जाऊ देऊ नका. चार गाणी पूर्ण होईपर्यंत बाकी कशाला हात लावू नका. पूर्ण म्हणजे मुखडा, दोन अंतरे, मधला वाजवायचा तुकडा आणि शेवट नेमका कुठे, हे चौघांना तोंडपाठ.

आपण गिटार शिकतो ती बहुतेक इंग्रजी गाण्यांवर. त्यामुळे चालीही त्याच वळणाच्या सुचतात आणि मराठी शब्द त्यात कोंबले जातात. आमच्या एका गाण्याची पहिली ओळ होती, ‘खिडकीत पाऊस थांबला’. चाल ठोक्याच्या जरा आधी उचललेली होती, म्हणून जोर पडायचा ‘ऊ’वर. माझ्या आईला पहिल्यांदा ‘ऊस थांबला’ असंच ऐकू आलं. शब्द फिरवून ‘पाऊस थांबला खिडकीत’ केलं, ‘पा’ समेवर आणला, आणि तीच चाल एकदम मोकळी झाली. तेव्हापासून नियम केला : नवी ओळ आधी बोलून बघायची. बोलताना जिथे वजन पडतं तिथेच ड्रमचा ठोका पडला पाहिजे.

आणखी तीन गोष्टी जपा.

ओळीच्या शेवटी सूर लांबवायचा असेल तर शेवटचं अक्षर उघडं हवं. आपण बोलतो ‘केलं’, ‘झालं’, ‘गेलं’. हा ‘अं’ चार मात्रा ताणला की नाकात जातो आणि आवाज बसल्यासारखा वाटतो. ‘केले’, ‘झाले’ लिहिलं तर सूर खुलतो, पण बोलीतल्या गाण्यात ते पुस्तकी वाटतं. आमचा तोडगा असा, की ‘केलं’वर सूर तोडायचा आणि लांबवायला ‘आता’, ‘पुन्हा’, ‘माझ्या’ असे शब्द शेवटी आणायचे.

ऱ्हस्व अक्षर ताणू नका. ‘दिन’ ताणला की ‘दीन’ होतो, ‘शिर’ ताणलं की ‘शीर’.

‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन उच्चार आहेत. ‘माझा’तला ‘झ’ वेगळा, ‘माझी’तला वेगळा. हिंदी गाण्यांवर वाढलेले गायक दोन्ही सारखेच म्हणतात आणि मराठी कानाला ते लगेच खटकतं. रेकॉर्ड झाल्यावर हे दुरुस्त करता येत नाही, म्हणून तालमीतच टोका.

मग पट्टी. गाणारी माणसं सांगतात ‘माझी काळी दोन’ आणि गिटारवाले बोलतात ‘सी, जी, डी’. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. हे कागदावर लिहून तालमीच्या खोलीत चिकटवा. काळी दोनला गायचं असेल तर एका गिटारने तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पट्टी) लावून सीचे आकार धरायचे, दुसऱ्याने पहिल्या फ्रेटवर लावून डीचे. स्वर तेच राहतात, पण दोन गिटार एकमेकांच्या जागेत न शिरता भरून ऐकू येतात. गिटार पॉपचा निम्मा रंग या एका गोष्टीत आहे असं माझं मत आहे.

२. गाणं कुणाचं, हे त्याच दिवशी लिहा

हा टप्पा मित्रामित्रांत अवघड वाटतो. आमच्या पहिल्या संचातला एक गिटारवाला नोकरीसाठी बंगलोरला गेला. एका गाण्याची सुरुवातीची धून त्याची होती. शब्द माझे, चाल दोघांची. काहीच लिहिलेलं नव्हतं. भांडण झालं नाही, पण अवघडलेपणामुळे ते गाणं दोन वर्षं बाहेर आलं नाही.

एक वही ठेवा. गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी नोंद करा : गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचे किती टक्के, आणि सगळ्यांच्या सह्या. खोलीत बसून चौघांनी मिळून घडवलेल्या गाण्याला सरळ समान वाटे ठेवा.

कायदा थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन अस्तित्वात आलं की हक्क आपोआप निर्माण होतो; नोंदणी सक्तीची नाही. पण वादात नोंदणीचा कागद उपयोगी पडतो. सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. शब्द किंवा चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा संरक्षित केला आहे. त्यामुळे ‘एकरकमी पैसे घ्या आणि सगळे हक्क द्या’ असा करार पुढे आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

कवितेला चाल लावायचा मोह मराठी बँडला होतोच, आणि तो चांगलाच आहे. पण कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. तुकोबांचा अभंग घ्या, १९१८ साली गेलेल्या बालकवींची कविता घ्या, १९५६ साली गेलेल्या मर्ढेकरांची घ्या, शब्दांसाठी परवानगी लागत नाही. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितेसाठी २०५९ संपेपर्यंत लेखी परवानगी हवी. आणि सापळा इथे आहे : अभंग संतांचा असला तरी आपण लहानपणापासून ऐकलेली त्याची चाल बहुतेक वेळा कुणा संगीतकाराची असते. चाल तुमचीच हवी.

३. तालीम

जॅमरूम, म्हणजे तालमीची भाड्याची खोली, तासावर मिळते आणि तीन तास बोलण्यात निघून जातात. म्हणून आदल्या दिवशी ठरवा : पहिला तास नवं गाणं, दुसरा जुन्याची दुरुस्ती, तिसऱ्यात न थांबता पूर्ण संच, म्हणजे कार्यक्रमातली सगळी गाणी ओळीने. फोन खोलीच्या मध्यभागी ठेवून सगळं रेकॉर्ड करा आणि घरी ऐका. घरी प्रत्येकाने मेट्रोनोमवर वाजवायचं. रेकॉर्डिंगला क्लिकवर (कानातल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवावं लागणार आहे, ती सवय स्टुडिओत पैसे देऊन लावायची नसते.

पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकूड फुगतं, तारा आठवड्यात गंजतात. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका.

४. रेकॉर्डिंग

सगळं स्टुडिओत करू नका आणि सगळं घरीही करू नका. ड्रम्सना सहा-सात माइक आणि चांगली खोली लागते, म्हणून ते स्टुडिओत. बेस, गिटार आणि गाणं घरी होऊ शकतं.

घरच्या कामाला लागणारं सामान :
- दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) असलेला
- एक कंडेन्सर माइक गाण्यासाठी, एक डायनॅमिक माइक अ‍ॅम्पसाठी (एसएम ५७ वर्षानुवर्षं टिकतो)
- बंद कानाचे हेडफोन
- रीपर किंवा तत्सम सॉफ्टवेअर
- दोन वेगळ्या हार्डडिस्क

क्रम असा ठेवा. आधी लय ठरवा. तालमीतलं रेकॉर्डिंग ऐकून गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांवर बरं वाटतं की १०० वर, हे आठवडाभर आधी पक्कं करा. मग क्लिकवर एक गिटार आणि कच्चं गाणं घेऊन फाइल तयार करा. ड्रमर स्टुडिओत त्याच्यावर वाजवेल. त्यानंतर बेस, मग गिटार, शेवटी गाणं. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरमधला बफर (कॉम्प्युटर आवाज किती साठवून पुढे पाठवतो तो आकडा) १२८च्या आसपास, नाहीतर स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. मिक्सिंगला तो वाढवा. पातळी लाल रेषेपासून चांगली खाली असू द्या.

गाणं आम्ही माझ्या घरच्या मधल्या खोलीत घेतलं. कपडे वाळवायच्या दोरीवर आजीच्या दोन गोधड्या टाकल्या, एक गाणाऱ्याच्या पाठीमागे, एक बाजूला. माइक तोंडापासून वीतभर, मध्ये पॉप फिल्टर. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि शेजारच्या काकूंना आधी विचारून घेतलेलं की कुकर किती वाजता लावणार. दुपारी दोन ते चार ही वेळ सगळ्यात शांत निघाली. त्या गोधड्यांमुळे खोलीचा घुमा इतका कमी झाला की मिक्सिंग करणाऱ्याने स्टुडिओ कुठला म्हणून विचारलं.

गिटारवर आमची चूक अशी होती की सगळं एकाच आवाजात, एकाच जागी वाजवत होतो. एकाने खालच्या फ्रेटवर मोकळ्या तारांचे कॉर्ड धरले तर दुसऱ्याने सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर दोन-तीन स्वरांचे छोटे तुकडे वाजवावेत. मुखड्याला गिटार दाट हवी असेल तर तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकाच टेकची नक्कल करून ते होत नाही. दोनदा खरोखर वाजवावं लागतं.

मोठा धडा : सत्र संपलं की त्याच दिवशी सगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये घेऊन या. आमच्या तीन गाण्यांचे ड्रम्स एका स्टुडिओच्या डिस्कवर होते. ती डिस्क गेली, दुसरी प्रत नव्हती, आणि आम्ही दोन दिवसांचं काम परत केलं. आता पैसे देण्याआधी फाइल हातात घेतो, घरी आल्यावर दुसऱ्या डिस्कवर उतरवतो.

मास्टरिंगसाठी, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरच्या शेवटच्या हातासाठी, बाहेरचा माणूस बघा. दहा हजारवेळा ऐकलेल्या स्वतःच्या कानांवर विसंबू नका. आवाज फार चढवून मागू नका, स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण वजा १४ एलयूएफएसला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं.

५. गाणं बाहेर काढणं

डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी अशा वितरकांकडून गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक अशा सगळीकडे जातं. तारखेच्या चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर किमान सात दिवस आधी ते त्यांच्या कलाकार पानावर दिसायला हवं. मुखपृष्ठ ३,००० बाय ३,००० पिक्सेल. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक मिळतो. वहीत गाण्यासमोर तो लिहून ठेवा, पुढे लागतो.

बँडचं नाव रोमनमध्ये कसं लिहायचं ते एकदाच ठरवा. मराठी नावाचं स्पेलिंग तीन प्रकारे होऊ शकतं, आणि तसं झालं तर तीन वेगवेगळे कलाकार तयार होतात. पैशांची अपेक्षा इथून कमी ठेवा : २०२४पासून वर्षभरात १,००० वेळाही न ऐकलेल्या गाण्यावर स्पॉटिफाय रेकॉर्डिंगची रॉयल्टी देत नाही.

६. कार्यक्रम मिळवणं

पहिले दोन-तीन ओपन माइकवर करा, बिनपैशाचे. तिथे एक गोष्ट मिळवायची : एका गाण्याचा, न कापलेला, आवाज नीट ऐकू येणारा व्हिडिओ. आयोजक बाकी काही बघत नाही. त्या व्हिडिओसोबत एका पानाचा परिचय जोडा : किती जण, किती मिनिटांचा संच, काय वाजवता, मागे कुठे वाजवलंत.

कॅफेत तुम्हाला हिंदीची फर्माईश होणार, हे धरून चाला. मराठी गाण्यांना मन लावून ऐकणारा श्रोता मला छोट्या नाट्यगृहात जास्त भेटला. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागेत पहिल्या रांगेतल्या माणसाचा चेहरा दिसतो, शब्द पोचतात. कॉलेजचे महोत्सव, सोसायटीचा गणेशोत्सव, कोजागिरी आणि दिवाळी पहाट हेही दरवाजे आहेत. दिवाळी पहाटला बँडला बोलवत नाहीत असं समजू नका. संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर गाणारा ‘अभंग रीपोस्ट’सारखा बँड आवडीने ऐकणारा मराठी श्रोता आहेच. आम्ही पाच स्वतःची आणि स्वतःच्या चालीतले तीन अभंग असा संच दिला आणि पुढच्या वर्षीही बोलावणं आलं.

पहाटेच्या कार्यक्रमाचा एक पेच मात्र लक्षात घ्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. सरकार वर्षातल्या काही ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, तेवढीच. म्हणून साउंडचेक आदल्या संध्याकाळी दहाच्या आत उरकायचा आणि मिक्सरच्या सगळ्या खुणांचा फोटो काढून ठेवायचा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, ते आयोजकाला आधी विचारा. मुंबईत धोबी तलावाजवळचं रंगभवन रॉकवाल्यांचं हक्काचं खुलं नाट्यगृह होतं. तिथले कार्यक्रम याच कारणाने थांबले.

आयोजकाशी ठरलेलं सगळं मेसेजवर किंवा मेलवर लिहून घ्या : तारीख, वेळ, मानधन, निम्मं आगाऊ, प्रवास, जेवण, साउंड कुणाचा, पोलिसांची परवानगी कुणाकडे. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना आयोजकाने काढायचा, हेही त्यात लिहा.

७. कार्यक्रमाचा दिवस

साउंडवाल्याला दोन दिवस आधी एक यादी पाठवा. आमची अशी आहे : ड्रम्सना किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड (वरून लावलेले) माइक, बेसला डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी), दोन गिटार अ‍ॅम्पना माइक, अकूस्टिकला डीआय, गाण्यासाठी तीन माइक, चार मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर). सोबत कोण कुठे उभं राहणार याचा हाताने काढलेला नकाशा. महापालिकेच्या नाट्यगृहातली यंत्रणा प्रामुख्याने नाटकातल्या संवादांसाठी असते. ड्रम्स-बेससाठी साउंड बाहेरून आणावा लागतो.

पिशवीत काय हवं :
- जास्तीच्या तारांचा पूर्ण संच, कॅपो, ट्यूनर, वायर कटर
- प्रत्येक गिटारमागे दोन केबल
- नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, चिकटपट्टी
- अर्थिंग असलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि टेस्टर
- मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या गाण्यांच्या क्रमाच्या पाच प्रती

टेस्टरची थट्टा करू नका. मांडवात अर्थिंग धड नसलं की एक हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकला लागल्यावर झटका बसतो. आमच्या गायिकेला एका मंडळाच्या स्टेजवर असा बसला आणि ती पाच मिनिटं थरथरत बसून राहिली. आता प्लग लावायच्या आधी मी सॉकेट तपासतो, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघायला लावतो, आणि प्रत्येक माइकवर फोम चढवतो. अर्थिंग मिळालं नाही तर वाजवायचं नाही, हे आम्ही आयोजकाला आधीच सांगतो.

तारा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बदला. त्याच सकाळी बदलल्या तर त्या ताणत राहतात आणि दर गाण्याला सूर उतरतो. साउंडचेकमध्ये आधी एकेक वाद्य, मग सगळ्यात जोरकस गाण्याचा मुखडा, मग सगळ्यात हळुवार गाण्याचा अंतरा. मॉनिटरमध्ये स्वतःची गिटार चढवून मागू नका, गाणाऱ्याचा आवाज मागा. पंचेचाळीस मिनिटांत बोलणं धरून नऊ गाणी बसतात. दोन गाण्यांमध्ये ट्यूनिंग चालू असताना कोण बोलणार, हेही ठरवून ठेवा.

८. पैसे आणि कागद

एकाच फाइलमध्ये ठेवा :
- चौघांचे पॅन आणि आधार
- रद्द केलेला चेक
- बिलाचा नमुना
- गाण्यांची सह्यांची वही
- प्रत्येक कार्यक्रमाचं लेखी ठरलेलं आणि बिल

कंपनी किंवा संस्था मानधनातून टीडीएस कापते. पॅन दिला नाही तर कपात बरीच जास्त होते. सगळं मानधन एकाच्याच खात्यात घेतलं तर आयकराच्या नोंदीत सगळं उत्पन्न त्याचंच दिसतं. आमच्या बेसवाल्याला याचा त्रास झाला. शक्य असेल तिथे चौघांची वेगवेगळी बिलं द्या. नाहीतर बँडचं भागीदारीपत्र करून वेगळं खातं उघडा. मानधनातून वाटणी करण्याआधी दर वेळी थोडी रक्कम बँडसाठी बाजूला काढा, पुढचं रेकॉर्डिंग त्यातूनच होतं.

शेवटचं काम आयपीआरएसचं. गीतकार आणि संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे. रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांतून शब्द-चालीची जी रॉयल्टी येते ती सभासदांना वाटते. वितरकाकडून येणारे पैसे रेकॉर्डिंगचे असतात, हे त्याहून वेगळे. पहिलं गाणं बाहेर आलं की ज्यांची ज्यांची नावं वहीत आहेत त्यांनी प्रत्येकाने स्वतंत्र सभासदत्व घ्यायचं. मग एकेका गाण्याची नोंद करायची : नाव, आयएसआरसी, गीतकार, संगीतकार, टक्के. ते टक्के त्या वहीतूनच उतरवायचे असतात, म्हणून फॉर्म भरायला बसताना वही शेजारी घेऊन बसा.